निराधारांचे मुक्तिद्वार : पंडिता रमाबाई

विक्रम संवत १९५६ चा दुष्काळ मारवाड-गुजरातेतून खानदेशात येऊन स्थायिक झालेल्या घराण्यांत 'छप्पनिया' या नावाने ओळखला जातो. इंग्रजी कालगणनेप्रमाणे हा काळ १८९९-१९०० चा. राजस्थान, गुजरात, काठेवाड आणि मध्य प्रांत या सर्व प्रदेशांत त्या वर्षी अन्नान्नदशा झाली. तापी, पांझरा व बुराई या नद्यांच्या खोऱ्यातील आपल्या खानदेशालाही त्याची मोठी झळ पोहोचली. वाडवडिलांच्या तोंडून त्या काळाच्या कथा ऐकताना बहुधा धान्याचा भाव, गुरांची कलेवरे आणि कोरडे पाट यांचेच वर्णन ऐकायला मिळते. परंतु त्या दुष्काळात घराबाहेर पडलेल्या एकट्या बाईचे काय झाले, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही.

पुरुषाला खडी फोडण्याचे काम मिळे. धट्टाकट्टा मुलगा कोणाच्या तरी शेतावर राही. परंतु नवरा मेलेली, सासरने टाकलेली, काखेत मूल असलेली बाई आणि आईबाप गमावलेली दहा-बारा वर्षांची मुलगी यांना कोणी वाली नव्हता. त्यांच्या मागावर असत ते त्यांना विकत घेणारे दलाल. अशा शेकडो स्त्रियांना व मुलींना त्या वर्षी गुजरातेतून आगगाडीने पुणे जिल्ह्यातील एका माळरानावर आणण्यात आले आणि तेथे त्यांना अन्न, वस्त्र, निवारा, अक्षरओळख व हाताला काम मिळाले. हे कार्य करणारी व्यक्ती कोणी राजा नव्हती, कोणी धनाढ्य सावकार नव्हती. ती स्वतः एक विधवा होती आणि एकेकाळी स्वतः दुष्काळात पाला खाऊन जगलेली होती. तिचे नाव पंडिता रमाबाई.

वनातील बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दाट अरण्यात गंगामूळ या ठिकाणी झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मूळचे माळहेरंजीचे. हे गाव आजच्या कर्नाटकात, ज्या कारकळला भगवान बाहुबलींची भव्य मूर्ती उभी आहे त्याच परिसरात येते. अनंतशास्त्री हे वेदशास्त्रसंपन्न कोकणस्थ ब्राह्मण होते. तरुणपणी पुण्यात अध्ययन करीत असताना दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवले जाते, हे त्यांच्या दृष्टीस पडले. स्त्रीनेही शास्त्र शिकावे हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात रुजला.

त्यांनी आपली द्वितीय पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले. समाजाला हे रुचले नाही. उडुपीच्या विद्वत्सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. शास्त्राधार दाखवून त्यांनी आपली बाजू मांडली, परंतु गावात राहणे नकोसे झाले. म्हणून त्यांनी अरण्यात आश्रम बांधला. तेथे विद्यार्थी येत, अतिथी येत. येणाऱ्या प्रत्येकाला जेवू घालता घालता शास्त्रीबुवांची सर्व पुंजी संपली आणि डोक्यावर कर्ज झाले. रमा अवघी सहा महिन्यांची असताना कुटुंबाने आश्रम सोडला व तीर्थयात्रेची वाट धरली. तान्ह्या रमेला वेताच्या टोपलीत घालून नेण्यात आले. स्वतःचे असे घर त्या मुलीने पुढील कित्येक वर्षे पाहिलेच नाही.

देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे, श्रोते जे देतील त्यावर गुजराण करावी आणि पुढच्या तीर्थाला निघावे, असा त्यांचा क्रम होता. प्रवासातच आईने रमेला संस्कृत शिकवले. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक तिला मुखोद्गत झाले. मोठ्या मुलीचा बालविवाह दुःखदायक ठरल्यामुळे अनंतशास्त्रींनी रमेचा विवाह लहानपणी केला नाही. त्या काळी हे मोठे धाडस होते.

भुकेची शाळा

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाने या कुटुंबाला गाठले. दागिने विकले, तांब्या-पितळेची भांडी विकली, अंगावरची बरी वस्त्रेही विकली. परंपरेने भिक्षुकी करणाऱ्या या कुटुंबाला मजुरीची सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज होती. शेवटी मरण येईल तर एकांतात यावे म्हणून ते रानात शिरले. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडाची पाने आणि मूठभर रानखजूर यांवर त्यांनी काढल्या. वृद्ध व दृष्टिहीन झालेल्या अनंतशास्त्रींनी देह ठेवला. त्यांच्या मागोमाग काही आठवड्यांतच लक्ष्मीबाई गेल्या.

आईच्या अंत्ययात्रेला खांदा देण्यासाठी केवळ दोन माणसे मिळाली. तिसरा खांदा भाऊ श्रीनिवासने दिला आणि चौथा रमेने. स्मशान कोसभराहून अधिक दूर होते. रमेची उंची कमी असल्याने तिरडी समतोल राहावी म्हणून तिला ती डोक्यावर घ्यावी लागली. थोड्याच काळात थोरली बहीण कृष्णाबाईही मरण पावली. उरली ती भावंडे दोनच. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीच्या रात्री पांघरूण नसल्यामुळे वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत वाळू ओढून ती दोघे झोपली होती. पुढे ज्या बाईने हजारोंना पांघरूण दिले, तिने थंडी अशी भोगलेली होती. रमाबाईंच्या पुढील कार्याचा पाया येथे सापडतो. निराधार म्हणजे काय, हे त्यांना अहवालातून कळलेले नव्हते.

पंडिता आणि सरस्वती

पायी हजारो कोस हिंडत ही भावंडे १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची एक तरुणी संस्कृतात अस्खलित बोलते हे पाहून तेथील विद्वान थक्क झाले. परीक्षा घेऊन त्यांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. बंगालमध्ये ठिकठिकाणी तिची स्त्रीशिक्षणावर व्याख्याने झाली. परंतु सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. १८८० मध्ये ढाक्यास भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी जून महिन्यात रमाबाईंनी बाबू बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा विवाह आंतरजातीय व आंतरप्रांतीय होता. १८८१ च्या एप्रिलमध्ये कन्या मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या आजारात बिपिनबाबूंचे निधन झाले. चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. कडेवर एक वर्षही पुरे न झालेली मुलगी होती आणि माहेर किंवा सासर असे दोन्हीकडे कोणी नव्हते.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. रमाबाईंनी 'आर्य महिला समाज' स्थापन केला आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक प्रसिद्ध केले. शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी मुलींसाठी स्त्री शिक्षिका तयार कराव्यात आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे अशी मागणी केली. न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाई रानडे याही त्यांच्या सभांना जात. पुढे पुण्याच्या सेवासदनाचे कार्य त्यांनीच नावारूपाला आणले. नावाच्या सारखेपणामुळे या दोन रमाबाईंची गल्लत होते, ती होऊ नये.

परदेशगमन आणि धर्मांतर

स्वतः डॉक्टर व्हावे या हेतूने १८८३ मध्ये रमाबाई मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा राहिला. ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टर होण्याचा मार्ग बंद झाला, तेव्हा त्यांनी अध्यापनाकडे लक्ष वळवले आणि चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात संस्कृत शिकवले. वाँटेज येथील ज्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहिल्या, त्यांच्यातर्फे लंडनमध्ये वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रम चालवला जाई. ज्या स्त्रीला समाज उंबऱ्याबाहेर काढतो, तिची अशी शुश्रूषा होताना त्यांनी प्रथमच पाहिली. त्याचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

महाराष्ट्रात या वार्तेने खळबळ उडाली. काल डोक्यावर घेणारे आज पाठ फिरवू लागले. रमाबाईंच्या चरित्रातील हा भाग आजही चर्चेचा विषय होतो. एक गोष्ट मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. धर्म बदलला तरी त्यांनी आपला पोशाख, आहार व भाषा बदलली नाही. परदेशातील कडाक्याच्या थंडीतही त्या शाकाहारी राहिल्या. अंडी घातलेला पदार्थही त्यांनी वर्ज्य मानला आणि यजमानांचा आग्रह मोडून आपला नेम पाळला. पुढे आयुष्यभर त्यांच्या अंगावर साधी पांढरी सुती साडी होती.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. निमित्त होते डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. तो ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे झाला. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ रमाबाईंनी तेथे गावोगाव व्याख्याने दिली, बालशिक्षणाच्या नव्या पद्धतीचा अभ्यास केला आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती सांगणारे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन शहरात त्यांच्या नावाने एक मंडळ स्थापन झाले. भारतात विधवांसाठी निधर्मी तत्त्वावर एक आश्रमशाळा चालवावी आणि तिला दहा वर्षे मदत द्यावी, असे त्या मंडळाने ठरवले.

शारदा सदन

१८८९ च्या आरंभी त्या मायदेशी परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ 'शारदा सदन' सुरू झाले. आरंभी विद्यार्थिनी होत्या केवळ दोन. त्यांपैकी गोदूबाई ही तरुण विधवा पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून महाराष्ट्राला परिचित झाली. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यात आले. तेथे मुलींना आपापल्या जातीच्या आचाराप्रमाणे राहण्याची व स्वयंपाकाची मोकळीक होती. धर्मशिक्षण द्यायचे नाही, असा नियम होता. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर, तेलंग यांच्यासारखी मान्यवर मंडळी होती.

वादळ उठले ते १८९३ मध्ये. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपणहून तेथे जाऊन बसत. काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे दिसू लागला. 'केसरी'तून लोकमान्य टिळकांनी कठोर टीका केली. निधर्मी म्हणून चाललेल्या संस्थेत हे कसे चालते, हा आक्षेप होता आणि विश्वासाने मुली पाठवणाऱ्या पालकांच्या दृष्टीने तो क्षुल्लक नव्हता. रमाबाईंचे म्हणणे असे की आपण कोणाला बोलावत नाही, परंतु आईने मुलांपुढे दार लावून घ्यावे हेही आपल्याला मान्य नाही. सल्लागारांनी राजीनामे दिले. वीस-पंचवीस मुलींना पालकांनी परत नेले. बोस्टनच्या मंडळाने मात्र त्यांच्यावरील विश्वास कायम ठेवला.

या प्रसंगातून घेण्यासारखे दोन बोध आहेत. पहिला असा की सार्वजनिक संस्थेत पैशाइतकाच विश्वासाचाही हिशेब द्यावा लागतो. दुसरा अधिक टोचणारा आहे. ज्यांना परत नेणारे कोणी होते त्या मुली गेल्या. ज्यांना न्यायला कोणी आलेच नाही, त्या तेथेच राहिल्या. टीका करणाऱ्यांची घरे त्यांच्यासाठी उघडी नव्हती.

या टीकेला सर्वांत समर्थ उत्तर दिले ते दुसरे दार उघडणाऱ्यांनी. शारदा सदनातून बाहेर पडलेल्या गोदूबाईंशी ११ मार्च १८९३ रोजी प्रा. धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला आणि १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. तो पुढे हिंगण्यास गेला आणि त्यातून स्त्रीशिक्षणाचा मोठा वृक्ष वाढला. आपल्या जैन समाजातही दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांच्या कन्या मगनबाई यांनी तरुणपणी आलेले वैधव्य सेवेत लावून मुंबईत श्राविकाश्रम चालवला. विधवा भगिनींना शिक्षण देऊन स्वावलंबी करण्याचे ते कार्य पिढ्यान्पिढ्या स्मरणात राहिले आहे.

केडगावची माळजमीन

बोस्टनची मदत दहा वर्षांपुरती आहे, हे रमाबाई जाणून होत्या. उद्या ती थांबली तर मुलींच्या पोटाचे काय, या विचाराने त्यांनी शारदा सदनाला स्वतःचे उत्पन्न असावे असे ठरवले. पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथे १८९५-९६ च्या सुमारास सुमारे शंभर एकर जमीन घेतली. खानदेशातून मनमाड-दौंड मार्गे पुण्यास जाताना दौंड सोडल्यावर जे केडगाव स्टेशन लागते, तेच हे गाव. अहिल्यानगरजवळचे केडगाव वेगळे. जमीन कोरडी, झाडझाडोरा नाही. तेथे विहिरी खोदल्या आणि फळझाडे लावली. फळांच्या उत्पन्नावर सदन चालावे, इतकाच मूळ बेत होता.

परंतु १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी ऐकताच रमाबाईंना रानातले ते अकरा दिवस आठवले. कोणतीही ठरावीक मदत हाती नसताना त्या तिकडे गेल्या. दुष्काळी छावण्यांत तरुण मुलींची काय दशा होते आणि त्यांना फूस लावून नेणारे कसे टपलेले असतात, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. तुकडी-तुकडीने शेकडो स्त्रिया व मुली त्यांनी पाठवल्या. पुण्यात त्या वेळी प्लेगची साथ होती आणि अधिकाऱ्यांनी नवीन मुलींना शहरात ठेवण्यास मनाई केली. तेव्हा केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या उभारण्यात आल्या. फळबागेसाठी घेतलेली जमीन अशा रीतीने निराधारांचे गाव झाली. तिचे नाव पडले 'मुक्ती'.

प्लेगच्या त्याच काळात पुण्याच्या सरकारी रुग्णालयांत स्त्रियांची होणारी हेळसांड रमाबाईंनी वृत्तपत्रातून निर्भयपणे मांडली. सरकारला ती टीका झोंबली आणि प्रकरण विलायतेतील पार्लमेंटपर्यंत गेले. गोऱ्या सत्ताधाऱ्यांचा धर्म आणि आपला धर्म एक आहे, म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

१८९९ मध्ये फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' निघाले. पाठोपाठ छप्पनियाचा दुष्काळ आला. या वेळी गुजरातेतून हजाराहून अधिक मुली व स्त्रिया केडगावी आल्या आणि आश्रमातील एकूण संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली. आलेल्यांपैकी अनेकींच्या अंगात उभे राहण्याचेही त्राण नव्हते. केसांत जटा, अंगावर फोड, पोटात दुखणी. काही जणी आल्यावर थोड्याच दिवसांत दगावल्या. ज्या वाचल्या त्यांना सलग काही आठवडे हळूहळू अन्नावर आणावे लागले. उपाशी पोटाला एकदम भरपेट अन्न सोसत नाही, हे रमाबाईंना कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

दोन हजारांचा संसार

आज एखाद्या मंगलकार्यात दोन हजार पाने उठवायची म्हटले तरी केवढी धावपळ होते. येथे ती रोजची गोष्ट होती आणि तीही वर्षानुवर्षे. हा संसार चालला तो शिस्तीवर. प्रौढ व जाणत्या स्त्रियांकडे लहान मुलींचे गट सोपवलेले असत. त्यांचे न्हाणे, जेवण, आजारपण, अभ्यास या सर्वांची जबाबदारी त्या प्रौढ स्त्रीवर. काल स्वतः आश्रयाला आलेली बाई आज दुसऱ्या दहाजणींची आई होई. आपण कोणाच्या उपकारावर जगत नाही, आपलाही कोणाला उपयोग आहे, ही भावना त्यातून जागी होत असे.

अर्धा दिवस शिक्षण आणि उरलेला वेळ काम, असा साधारण क्रम होता. हातमागांवर कापड विणले जाई. सूत भरणे, रंगवणे, शिवणे ही कामे मुलीच करीत. तेलाचा घाणा होता, दूधदुभते होते, शेत व भाजीमळा होता. भांड्यांना कल्हई करणे, पाव भाजणे, कपडे धुणे, दोऱ्या व टोपल्या विणणे असे अनेक उद्योग चालत. छापखाना तर विशेष होता. खिळे जुळवणे, छपाई आणि बांधणी हे पुरुषांचे मानले गेलेले काम येथे स्त्रिया सफाईने करू लागल्या. अंध मुलींसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू झाले. ते रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी स्वतः आत्मसात करून शिकवले. तान्ही मुले घेऊन आलेल्या आया, वृद्धा, अपंग व अंध, सर्वांची तेथे सोय होती.

या व्यवस्थेत एक व्यवहारी शहाणपण आहे आणि व्यापारी समाजाला ते चटकन पटावे. नुसते अन्नछत्र घातले तर धान्य संपताच माणूस पुन्हा रस्त्यावर येतो. हातात कसब दिले तर तो पुन्हा दारी येत नाही. रमाबाईंनी दोन्ही गोष्टींचा मेळ घातला. आधी भूक भागवली, मग अक्षर दिले, मग धंदा दिला. तेथून बाहेर पडलेल्या स्त्रिया शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, संसाराला लागल्या.

केडगावची संस्था उघडपणे ख्रिस्ती होती आणि तेथील बहुसंख्य स्त्रियांनी तो धर्म स्वीकारला, हेही सत्य आहे. ते लपवण्याचे कारण नाही आणि ते सर्वांना रुचावे असेही नाही. भुकेल्याच्या श्रद्धेवर दात्याने हात ठेवावा का, या प्रश्नावर विचारवंतांत तेव्हाही मतभेद होते व आजही आहेत. परंतु या प्रश्नाची दुसरी बाजूही आपण स्वतःला विचारली पाहिजे. त्या मुली दुष्काळात रस्त्यावर पडलेल्या असताना त्यांच्याजवळून इतर किती जण गेले आणि किती जण थांबले?

अखेरची वर्षे

रमाबाईंनी आयुष्याची शेवटची अनेक वर्षे बायबलाचे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने मुद्दाम बोजड भाषा टाळली. कारण तिच्यासमोर वाचक होती ती नुकतीच अक्षरे शिकलेली खेड्यातील बाई. १९१९ मध्ये सरकारने त्यांना 'कैसर-ए-हिंद' हे पदक दिले.

मनोरमाबाई या आईचा उजवा हात होत्या. इंग्लंड-अमेरिकेत शिकून आलेल्या या कन्येने शारदा सदनाची धुरा सांभाळली होती आणि आपल्यामागे सर्व कार्य तीच पाहील, अशी रमाबाईंची अपेक्षा होती. परंतु २४ जुलै १९२१ रोजी मिरज येथे मनोरमाबाईंचे निधन झाले. वयाच्या चाळिशीतली एकुलती एक मुलगी आईच्या डोळ्यांदेखत गेली. आईवडील, बहीण, भाऊ, पती आणि आता कन्या. रक्ताचे म्हणावे असे सर्व जण गेल्यावरही त्या आपल्या कामावर बसून राहिल्या. भाषांतराचे काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी केडगाव येथे शांतपणे जगाचा निरोप घेतला. तेव्हा त्यांचे वय ६३ वर्षे होते. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

त्यांच्या निधनाला शंभर वर्षे उलटून गेली, तरी केडगावची संस्था आजही उभी आहे आणि निराधार स्त्रिया व मुले यांचा सांभाळ करीत आहे. संस्थापकाच्या पश्चात एखादी संस्था पन्नास वर्षे टिकणे ही सुद्धा सोपी गोष्ट नसते, हे सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. ती टिकते ती इमारतींमुळे किंवा ठेवींमुळे नव्हे. ज्या दुःखासाठी ती निघाली, ते दुःख विश्वस्तांच्या डोळ्यांपुढे ताजे राहिले तरच ती टिकते.

दाराची कडी

आपल्या शास्त्रकारांनी आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. पहिली तीन दाने पैशाने करता येतात. त्यासाठी पावती फाडता येते, फलक लावता येतो. चौथे, अभयदान, हे मात्र पैशाने होत नाही. घाबरलेल्या जीवाला तू आता सुरक्षित आहेस असा विश्वास द्यायचा, तर दात्याला स्वतः दाराशी उभे राहावे लागते. रमाबाई कोणत्या धर्माच्या होत्या, यापेक्षा त्या दाराशी उभ्या राहिल्या, हे त्यांच्या चरित्राचे सार आहे.

काळ पालटला आहे. विधवेचे केशवपन थांबले, मुली शिकल्या, दुष्काळात माणसे पूर्वीसारखी मरत नाहीत. तरीही नवऱ्याने टाकलेली, व्यसनी माणसाच्या मारहाणीला कंटाळून दोन लेकरांसह बाहेर पडलेली, म्हातारपणी मुलांनी सांभाळ नाकारलेली स्त्री शिंदखेडा असो, धुळे असो की जळगाव, प्रत्येक गावात आहे. सुरत-भुसावळ गाडीच्या एखाद्या स्टेशनावर बोचके उशाशी घेऊन ती आजही रात्र काढते. येणारे-जाणारे तिच्या जातीचा, गावाचा आणि चारित्र्याचा तर्क करीत पुढे जातात. तिने सकाळपासून काही खाल्ले आहे काय, हा प्रश्न मागे राहतो.

वेताच्या टोपलीतून जगात हिंडलेल्या, आईची तिरडी डोक्यावर वाहिलेल्या, वाळू पांघरून निजलेल्या एका मुलीने तो प्रश्न आयुष्यभर आधी विचारला आणि बाकीचे सर्व प्रश्न नंतर. अशा या थोर विदुषीस आणि निराधारांच्या माउलीस विनम्र अभिवादन.